उजेडाशी फोनने जुळवून घ्यावं, डोळ्यांनी नव्हे

गेल्या मे महिन्यात आई गावाहून एसटीने यायची होती. स्टँडवर उतरली की फोन कर, असं ठरलं होतं. गाडीची वेळ होऊन तास उलटला तरी फोन नाही. मी लावलेले फोन वाजून वाजून बंद होत होते. शेवटी एका रिक्षावाल्याच्या फोनवरून आईचा आवाज आला, "अरे, माझा फोन गेला वाटतं. नुसता वाजतोय, पण काळाकुट्ट दिसतोय. हिरवं बटण कुठं दाबू?"

मी पोहोचलो आणि तिचा फोन सावलीत धरून पाहिला. त्याला काहीही झालं नव्हतं. आदल्या रात्री अंथरुणात डोळ्यांना त्रास होतो म्हणून तिने ब्राइटनेसची पट्टी अगदी खाली ओढली होती. रात्रीचा तो मिणमिणता उजेड दुपारच्या उन्हात तसाच राहिला होता. फोनने तो आपोआप वाढवायला हवा होता, पण ती सोय बंद होती. बंद केली होती मीच, दोन वर्षांपूर्वी, "बॅटरी जास्त टिकेल" म्हणून. सत्तरीची बाई भर उन्हात तासभर उभी राहिली ती माझ्या त्या एका चुकीच्या समजुतीमुळे.

म्हणून हे लिहितो आहे. तुमच्या फोनमधली ऑटो ब्राइटनेसची सोय बंद असेल तर ती चालू करा, आठवडाभर तिला शिकवा आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनकडे वळा. त्यासाठी कोणाला पैसे द्यायला नकोत, दुकानातही जायला नको.

आधी हे समजून घेऊ की एकच ठरावीक उजेड का चालत नाही. उजेड लक्स या मापात मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो. चांगला उजेड असलेल्या ऑफिसात ३०० ते ५००, रात्री दिवा लावलेल्या घरात शंभराच्या आसपास आणि पौर्णिमेच्या चांदण्यात अर्धासुद्धा नाही. ऑफिसातून रस्त्यावर पाऊल टाकलं की उजेड दोनशे-तीनशे पट वाढतो, तरी आपल्याला तो तेवढा वाढल्यासारखा वाटत नाही. डोळ्याची बाहुली क्षणात लहान होते, डोळ्याच्या आतला पडदाही जुळवून घेतो आणि आपण चालत राहतो. उलट उजेडातून अंधारात गेल्यावर मात्र डोळ्याला वेळ लागतो. अंधाराला पूर्ण सरावायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. फोनचा उजेड एकाच जागी खिळवून ठेवला तर ही सगळी कसरत डोळ्यांवर येते. उन्हात आपण डोळे बारीक करून अक्षरं शोधतो आणि अंधारात फोनचा पडदा टॉर्चसारखा तोंडावर येतो.

हे टाळण्यासाठी फोनच्या वरच्या भागात, पुढच्या कॅमेऱ्याजवळ, उजेड मोजणारा एक छोटासा सेन्सर असतो. नव्या काही फोनमध्ये तो पडद्याच्या खालीच बसवलेला असतो. भोवतीचा उजेड पाहून तो पडद्याला कमी-जास्त व्हायला सांगतो. चालताना झाडाची सावली पडली की लगेच पडदा मंद, पुढे ऊन आलं की लगेच प्रखर, असं होऊ नये म्हणून फोन काही सेकंद थांबतो. त्यामुळे घरात शिरल्यावर पडदा लगेच मंद झाला नाही तर "हे चालत नाही" असं ठरवू नका. त्याला दहा सेकंद द्या.

आता मुख्य गोष्ट. बरेच लोक ही सोय बंद करतात, कारण "तो मला हवा तेवढा उजेड ठेवत नाही." तक्रार खरी आहे. पूर्वी इतक्या लक्सला इतका उजेड, असं कोष्टक कंपनीतूनच ठरून यायचं आणि ते सगळ्यांना सारखंच असायचं. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून हे बदललं. गुगलने डीपमाइंडच्या मदतीने अशी सोय केली की ऑटो चालू असताना तुम्ही पट्टी हलवली की फोन त्याची नोंद घेतो: एवढ्या उजेडात या माणसाला पडदा एवढा लागतो. अशा नोंदी साचत जातात आणि फोन तुमच्या डोळ्यांप्रमाणे वागू लागतो.

म्हणजे उजेड पटला नाही तर सोय बंद करायची नाही, पट्टी हलवायची. बंद केलीत तर फोनचं शिकणंच थांबतं. नव्या माणसाला स्वयंपाकघरात एकदा मीठ जास्त पडलं म्हणून आपण हाकलून देत नाही, "थोडं कमी घाल" म्हणतो. तसंच हे. सकाळी गॅलरीत, दुपारी रस्त्यावर, संध्याकाळी बसमध्ये, रात्री दिव्याखाली, जिथं खटकेल तिथं पट्टी हवी तेवढी सरकवा. आठवडाभरात हात लावायची वेळ कमी होत जाईल.

सोय चालू करणं सोपं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, डिस्प्लेमध्ये जा आणि अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस किंवा ऑटो ब्राइटनेस असं लिहिलेलं बटण चालू करा. आयफोनमध्ये हे बटण डिस्प्लेच्या यादीत सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात. २०१७ पासून ते अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये आहे. तिथं डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ उघडा आणि अगदी तळाशी जा. तिथंच कंपनीने लिहून ठेवलं आहे की ही सोय बंद केल्यास बॅटरीवर आणि पडद्याच्या आयुष्यावर परिणाम होऊ शकतो. "बंद केली की बॅटरी वाचते" ही समजूत उलटी आहे. सेन्सर नगण्य वीज खातो. बॅटरी खातो तो घरात बसूनही उन्हातल्यासारखा जळत राहिलेला पडदा.

सोय चालू असूनही पडदा बदलत नसेल तर आधी सेन्सरचा डोळा झाकला गेलाय का ते बघा. काळ्या काठाची टेम्पर्ड ग्लास नेमकी त्याच्यावर बसते. स्वयंपाकघरात पिठाचे हात लागतात, शेतात धूळ बसते, उन्हाळ्यात घामाचा थर येतो. फोन आडवा धरून व्हिडिओ बघताना आपलाच अंगठा त्याच्यावर येतो. मऊ कोरड्या कापडाने वरचा भाग पुसा. मग चांगल्या उजेडात वरच्या काठावर तळवा ठेवून थोडा वेळ थांबा. पडदा मंद झाला तर सेन्सर ठीक आहे.

यंत्राला सगळं कळत नाही, हेही तितकंच खरं. काही प्रसंगी आपला हात लागतोच.

पहिला प्रसंग अंथरुणातला. २०१६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघींना अधूनमधून एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं व्हायचं. पक्षाघाताची भीती होती, तपासण्या झाल्या, दोष काही सापडेना. शेवटी उलगडा झाला. दोघी अंधारात कुशीवर पडून फोन बघायच्या. एक डोळा उशीत दबलेला असायचा, म्हणून तो अंधाराला सरावायचा. दुसरा फोनच्या प्रकाशाला सरावायचा. फोन बाजूला ठेवला की हा दुसरा डोळा अंधारात आंधळा झाल्यासारखा वाटायचा. डोळ्यांना इजा नव्हती, पण घाबरायला तेवढं पुरेसं होतं. पूर्ण अंधारात फोन बघू नका, खोलीत एखादा मंद दिवा राहू द्या. पट्टी अगदी खाली नेऊनही पडदा बोचत असेल तर अँड्रॉइड १२ पासून एक्स्ट्रा डिम आणि आयफोनमध्ये रिड्यूस व्हाइट पॉइंट ही सोय आहे. झोपेआधी फोन ठेवून देण्याला मात्र कुठलंच सेटिंग पर्याय नाही.

दुसरा प्रसंग रात्रीच्या रस्त्याचा. दुचाकीच्या हँडलवर नकाशा लावून चालणारी मुलं आता गल्लोगल्ली दिसतात. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून हेडलाइट आला की सेन्सरला उजेड वाढल्यासारखा वाटू शकतो. नेमका तेव्हा पडदा प्रखर झाला तर पुढचा खड्डा दिसत नाही. निघण्याआधीच नकाशा गडद रंगात करा, पडदा मंद ठेवा आणि रस्ता कानांनी ऐका.

तिसरा प्रसंग उन्हाळ्याचा. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे. फोन फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो. पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी उजेड वाढत नाही आणि माणूस वैतागतो. फोन सावलीत घ्या, चार्जिंग काढा, कव्हर काढा, थोडा वेळ बंद ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

चौथा प्रसंग क्यूआर कोडचा. मेट्रोच्या गेटवर तिकीट दाखवताना किंवा कोणाला स्वतःचा कोड दाखवताना मंद पडदा वाचला जात नाही आणि मागे रांग खोळंबते. बरीच अ‍ॅप तेवढ्यापुरता उजेड स्वतः वाढवतात. तसं झालं नाही आणि तुम्ही पट्टी वर ओढली, तर काम झाल्यावर ती परत खाली आणा. नाहीतर इथं तुम्हाला एवढाच उजेड लागतो, असा चुकीचा धडा फोन घेईल.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते घरातल्या मोठ्या माणसांबद्दल. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मुलाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. तुम्हाला छान वाटतो तो उजेड बाबांना अपुरा असतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. आपण त्यांचा फोन हातात घेतो, "केवढा हा ब्राइटनेस!" म्हणत पट्टी खाली आणतो आणि परत देतो. असं करू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांच्याजवळ बसा, ऑटो चालू करा आणि विचारा, "आता नीट दिसतंय?" ओसरीवर बसून, मग स्वयंपाकघरात, मग रात्री दिव्याखाली, प्रत्येक ठिकाणी पट्टी त्यांनाच सरकवू द्या. मोतीबिंदू असेल तर फार प्रखर पडदाही चकाकतो, म्हणून त्यांना बरं वाटेल तेच बरोबर. अक्षरं लहान वाटत असतील तर अक्षरं मोठी करा, तो दोष उजेडाने भरून निघत नाही. आणि एकाएकी अंधूक दिसू लागलं तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

एक फोन नातू आणि आजी दोघांत असेल तर त्याचं शिक्षण बिघडतं. दिवसभर नातू पट्टी खाली ओढतो, संध्याकाळी आजी वर. फोनला ते दोघे एकच माणूस वाटतात. अशा घरात उजेड आजीच्या सोयीने ठेवा. मुलाचे डोळे जुळवून घेतील.

डोळे कोरडे पडणं, चुरचुरणं याला मात्र ब्राइटनेस एकटा जबाबदार नसतो. पडद्याकडे बघताना आपण पापण्या फार कमी लववतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं झाड, समोरची इमारत, काहीही वीस सेकंद बघा. हे काम कुठलाही सेन्सर आपल्यासाठी करणार नाही.

आईच्या फोनवर मी त्याच संध्याकाळी ऑटो चालू केलं. चार-पाच दिवस तीच पट्टी सरकवत होती, मी हात लावला नाही. दिवाळीला ती पुन्हा एसटीने आली. दुपारचा एक वाजला होता, स्टँडवर सावलीचा पत्ता नव्हता. माझा फोन वाजला, पडद्यावर तिचं नाव होतं. "उतरले रे. ये."

आपल्याकडे बहुतेक घरांत अशी कोणीतरी आई, आजी, मामा, काका असतात. फोन दिसत नाही हे त्यांना कोणाला सांगता येत नाही. फोन बिघडला, किंवा आपल्यालाच जमत नाही, असं समजून ते गप्प बसतात. या रविवारी त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसा.