नववी ते बारावीची पहिली घंटा

जानेवारीत पांढुर्ण्याला सूर्य उगवायला जवळजवळ सात वाजतात. साडेसात-आठला भरणाऱ्या शाळांच्या गाड्या तोवर नांदनवाडी, तिगाव, बडचिचोलीच्या रस्त्याला लागलेल्या असतात. सौंसरच्या बाजूला लोधीखेडा, रामाकोना, पिपळा नारायणवार इथलीही तीच गत. गाडी चुकली तर दिवस बुडाला, म्हणून घरची माणसं पोराला साडेपाचलाच हलवून जागं करतात. मग पहिल्या तासाला आपण वर्गावर जातो, हजेरी घेतो आणि मागच्या दोन बाकांवर डोकं टेकून बसलेली मुलं पाहतो. ‘रात्रभर मोबाइल पाहत होता का?’ हा आपला ठरलेला प्रश्न असतो.

या संपादकीयाच्या लेखकाने वर्गावर असताना अशाच एका दहावीच्या मुलाला दोनदा बाहेर उभं केलं होतं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ‘सर, रातची लाइन होती, बाबांसंगं ओलिताले गेलतो.’ रात्री मोटर चालू करायची, वाफ्यात पाणी फिरवायचं आणि सकाळी सातला गणवेश घालून फाट्यावर उभं राहायचं. त्या मुलाला झालेली शिक्षा परत घेता येत नाही. तो जागा का नव्हता, याचा शोध मात्र आपण शिक्षकांनी आता तरी नीट घ्यायला हवा, कारण ओलिताला न गेलेली मुलंही त्याच बाकांवर तशीच पेंगत असतात.

कारण शरीरात आहे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन स्रवू लागतं आणि झोप येते. वयात येताना हे स्रवणं उशिरा सुरू होतं आणि सकाळी उशिरा थांबतं. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. झोपेचं हे शरीरातलं घड्याळ काही मुलांमध्ये दोन तासांपर्यंत पुढे सरकतं. म्हणजे जे पोर चौथीत असताना नऊला गाढ झोपायचं, त्याला दहावीत अकराच्या आधी झोपच लागत नाही. गरज मात्र तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची असते. अकरा ते साडेपाच म्हणजे साडेसहा तास. पहाटेच्या ज्या झोपेत स्वप्नं पडतात, दिवसभर शिकलेलं पक्कं होतं, नेमकी तीच तुटते. मोबाइलने यात भर घातली आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण मोबाइल काढून घेतला तरी हे घड्याळ मागे येत नाही. लवकर निजून लवकर उठण्याची आपली शिकवण चुकीची नाही. या चार-पाच वर्षांत शरीर तिला साथ देत नाही, एवढंच.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, पांढुर्णा साधारण 78.5 वर. म्हणजे आपली दुपार घड्याळाच्या सोळा मिनिटं मागे. सोळा मिनिटं थोडीच वाटतील, पण दिशा पाहा: आपला सूर्य घड्याळाच्या मानाने तेवढा उशिरा मावळतो. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांविषयी दाखवून दिलं आहे की जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथे मुलं उशिरा झोपतात, शाळेची वेळ तीच असल्याने उठतात मात्र तेव्हाच, आणि याचा फटका शिकण्याला बसतो. गरीब घरात तो जास्त बसतो. दोन खोल्यांत सहा माणसं असली की शेवटचा दिवा मालवेपर्यंत कोणाला झोप लागणार?

शेजारच्या महाराष्ट्रात हा विषय सरकारपर्यंत पोहोचला. डिसेंबर 2023मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा प्रश्न मांडला आणि 8 फेब्रुवारी 2024च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग 2024-25पासून सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले. लहानग्यांना पहाटे उठवू नये ही कळकळ खरी आहे, आम्हाला ती मान्य आहे. पण ज्या वयात घड्याळ पुढे सरकतं त्या मुलांबद्दल या निर्णयात काही नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत तर मोठ्यांना सकाळी आणि धाकट्यांना दुपारी बसवण्याची जुनी रीतच आहे. धाकटी मुलं आपणहून सहाला उठून अंगणात खेळतात, सोळा वर्षांच्या मुलाला तेव्हा ओढून काढावं लागतं. हे प्रत्येक आईला ठाऊक आहे, वेळापत्रक करताना आपणच ते विसरतो.

आपल्याकडे सरकारी शाळा साधारण साडेदहाला भरतात, तिथल्या मुलांना निदान ही एक गोष्ट अनुकूल आहे. खरा प्रश्न खासगी शाळांचा आणि सकाळच्या शिकवण्यांचा आहे. थंडी वाढली की कलेक्टरांचा आदेश निघतो, शाळा उशिरा भरतात आणि गाड्या, डबे, शिक्षकांचं अपडाऊन, सगळं चार-आठ दिवसांत जुळून जातं. थंडी ओसरली की पुन्हा जुनी वेळ. जे जानेवारीत जमतं ते जुलैत का जमू नये?

अडचणी खऱ्या आहेत. एकच गाडी दोन फेऱ्या करते. नागपूर-छिंदवाड्याहून येणाऱ्या शिक्षकांना परतीची गाडी गाठायची असते. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होतं तेव्हा दुपारी मुलांना उन्हात सोडणं धोक्याचं, म्हणून त्या दिवसांत सकाळची शाळाच बरी, आणि तेव्हा सूर्यही सहाच्या सुमारास उगवतो. कॅलिफोर्नियात जुलै 2022पासून कायद्याने हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही. फ्लोरिडाने 2023मध्ये तसाच कायदा केला आणि गाड्यांची व खर्चाची जुळवाजुळव होईना म्हणून 2025मध्ये तो मागे घेतला. वरून आलेला एकच हुकूम सगळीकडे लागू पडत नाही, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. तरी ‘शाळा उशिरा केली तर पोरं आणखी उशिरा झोपतील’ ही भीती मात्र सिॲटल शहरात खोटी ठरली. तिथे 2016मध्ये हायस्कूलची वेळ 7.50वरून 8.45 झाली. मनगटावर यंत्र बांधून मुलांची झोप मोजली तेव्हा ती रोज 34 मिनिटांनी वाढलेली दिसली. मिळालेल्या वेळातला मोठा भाग मुलं झोपली.

‘मंडळाचा पेपर नऊला असतो, सवय नको का?’ असं प्राचार्य विचारतात. साडेआठला भरणारी शाळा ती सवय लावतेच. आम्हाला काळजी वाटते ती शिकवण्यांची. शाळा तासभर पुढे गेली आणि त्या जागेत सहाची ट्युशन येऊन बसली, तर मुलाच्या पदरात काहीच पडणार नाही. ट्युशन घेणारे बरेचसे आपल्यातलेच आहेत. त्यांनी पहाटेची बॅच संध्याकाळी न्यावी, ही विनंती आम्ही नाव घेऊन कोणाला करत नाही, सगळ्यांना करतो.

2023पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. पांढुर्णा आणि सौंसर इथल्या शाळांच्या वेळेसाठी आता छिंदवाड्याकडे पाहायचं कारण उरलेलं नाही. जिल्हा लहान आहे. खासगी शाळांचे संचालक आणि प्राचार्य ठरवलं तर एका दुपारी एकत्र बसू शकतात. आमची मागणी अशी आहे: येत्या जूनपासून नववी ते बारावीची पहिली घंटा साडेआठच्या आधी वाजू नये. गाडीच्या दोन फेऱ्या असतील तर पहिली धाकट्यांची ठेवावी, तीही उजाडल्यावर. ज्यांना हे लगेच जमणार नाही, त्यांनी निदान पहिल्या तासाला गणित आणि चाचणी ठेवू नये. दिवाळीपर्यंत पहिल्या तासाची हजेरी, उशिरा येणारी मुलं आणि वर्गात झोपणारी मुलं यांची साधी नोंद वहीत ठेवा आणि ती आमच्याकडे पाठवा. पेंगणाऱ्या मुलाला बाहेर उभं करण्याआधी तो किती वाजता झोपला आणि किती वाजता उठला, एवढं विचारा आणि तेही त्याच वहीत लिहा.