कुलूप तुमचं, पण हवा सगळ्यांची



आज भावाचा किंवा फवारणीचा मेसेज नाही. आपल्या गोदामातल्या खणांबद्दल माझं मत लिहितो. मेसेज लांब आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

गहू-हरभरा निघून राहिला, तूर आधीच घरात आली. कंपनीने सभासदांना भाड्याने दिलेले खण भरत आले आहेत. ज्याचा त्याचा माल, ज्याचं त्याचं कुलूप. ही सोय चांगलीच आहे. भाव पडला म्हणून घाईने माल काढावा लागत नाही, घरातली जागाही मोकळी राहते. पण खणाच्या आत कोणी काय ठेवलं आहे, हे आजपर्यंत कंपनीने कोणाला विचारलं नाही. ही चूक आपली आहे, माझीही आहे. खण देताना आपण फक्त भाड्याची पावती फाडली.

मागच्या पंधरवड्यात त्याची झळ बसली. एका बंद खणातून लसणासारखा उग्र वास येत होता. शेजारच्या खणात पोती लावणाऱ्या दोन हमालांचं डोकं दुखायला लागलं, एकाला उलटी झाली. खणाचे मालक बाहेरगावी होते, फोन लागत नव्हता आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती. सगळ्यांना बाहेर काढलं, शटर उघडी टाकली, दोघांना दवाखान्यात नेलं. ते आता बरे आहेत. नंतर धुरीचा परवाना असलेल्या माणसाला बोलावून खण उघडला. गव्हाच्या पोत्यांत सल्फासच्या गोळ्या आणि बाजूलाच संत्र्यावर मारायच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या निघाल्या.

नाव सांगणार नाही आणि कोणी विचारूही नये. कारण खरं सांगायचं तर ही पद्धत अर्ध्या गावाची आहे. "पोत्यात दोन गोळ्या टाकल्या की पोरकिडा लागत नाही," हे आपण आजोबांपासून ऐकत आलो.

*ही गोळी काय करते?*
सल्फास म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला आणि धान्यातला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. तो कुलूप पाहत नाही. आपल्या खणांच्या मधले पत्रे वरपर्यंत गेलेले नाहीत, आणि जिथे गेले आहेत तिथेही फटी आहेत. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असंही समजू नका. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा साधा मास्क हा वायू अडवत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात.

म्हणूनच या गोळ्या सर्रास विकायला परवानगी नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरी करणारे यांच्यापुरतीच त्यांची विक्री आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरी त्या आपल्या खणात सापडतात.

*औषधाच्या बाटलीचंही तेच.*
१६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. हे औषध आपल्याला नवीन नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हाही ते नाव पुढे आलं होतं. यवतमाळचा धडा फवारणीचा होता, तो आपण थोडाफार शिकलो. गंडामनचा धडा साठवणुकीचा आहे. खायची वस्तू आणि विष एका जागी, एका भांड्यात आलं की कधीतरी घात होतोच. तो आपण शिकलो नाही.

कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे कृषी केंद्रवाल्याला औषधं वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात. जागा कोरडी, उजेडाची, हवा खेळती असावी लागते. मग तीच बाटली दुकानातून आपल्या गोदामात आली की ती गव्हाच्या पोत्याला टेकून कशी चालते?

*माझं मत असं आहे:*

१) धान्याच्या खणात औषध, तणनाशक, गोळ्या, पेट्रोल, डिझेल काहीच नको. गोदामात विडी-सिगारेटही नको.

२) औषधांसाठी गोदामापासून वेगळी, हवेशीर खोली बांधावी. आत प्रत्येक सभासदाचा स्वतःचा कुलूपबंद कप्पा असावा.

३) प्रत्येक खणाची दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात कंपनीकडे राहावी. वास, धूर, आग दिसली तरच, दोन सभासदांसमोर पाकीट फोडायचं.

४) धुरी द्यायची तर कंपनीने परवानाधारक माणसाकडून, गोदाम रिकामं करून, बाहेर पाटी लावूनच द्यायची. धुरी आणि त्यानंतर हवा खेळेपर्यंत आत कोणी जायचं नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर बरेच जण नाराज आहेत. एक काका मला तोंडावर म्हणाले, "भाडं मी देतो, कुलूप मायं हाये, तुमाले किल्ली कायले पाह्यजे? भरोसा नाही का आमच्यावर?" दुसरी शंका जास्त खरी आहे. कोणाकडे किती माल पडून आहे, हे गावाला कळलं की उसने मागणारे, व्यापारी, सगळेच दाराशी येतात. ही भीती मला मान्य आहे. म्हणून रजिस्टरमध्ये फक्त वस्तूचं नाव लिहायचं, क्विंटल लिहायचे नाहीत. पाहणीही मालक हजर असतानाच करायची. पण किल्लीचा मुद्दा मी सोडणार नाही. त्या दिवशी किल्ली असती तर परवानाधारक माणूस येताच खण उघडता आला असता. आणि भरोशाचाच प्रश्न असेल, तर शेजारच्या खणात राबणाऱ्या हमालाने तुमच्यावर ठेवलेल्या भरोशाचं काय? त्याला खण नाही, मतही नाही.

वेगळ्या खोलीची कल्पना काही माझी नाही. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात दोन गावांत असं सामायिक औषध-भांडार करून पाहिलं होतं. चेन्नईच्या 'स्नेहा' संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी त्याचा अभ्यास २०१३ मध्ये छापला. शेतकऱ्यांनी ते वापरलं आणि त्या गावांत विष घेण्याचे प्रकार कमी झाले. अभ्यास लहान होता, पण आपल्या भागाने त्याकडे दुर्लक्ष करू नये. माणसाची एखादी वेळ वाईट असते. त्या घटकेला विष घरात हाताशी नसेल तर ती घटका निघून जाऊ शकते. मन फारच जड झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर बोला. फोन मोफत आहे.

"मग गहू किडू द्यायचा का?" नाही. गहू कडक उन्हात वाळवा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. जुनी पोती झटकून उन्हात टाका. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा. घरच्या खाण्यापुरत्या धान्याला हवाबंद पिशव्या वापरा. आत हवा नसली की कीड आपोआप मरते, गोळी लागत नाही.

कोणाच्या खणात किंवा घरात आज गोळ्या असतील तर घाबरू नका, लपवू नका. त्यावर पाणी टाकू नका, पाण्याने वायू जोरात सुटतो, पेटही घेतो. ज्या खोलीत गोळी टाकली तिथे कोणी झोपू नका. मला फोन करा, माणूस पाठवतो. कोणाला चक्कर, उलटी, छातीत दाटल्यासारखं झालं तर आधी मोकळ्या हवेत आणा, लगेच १०८ लावा आणि डॉक्टरला गोळीचं नाव सांगा.

खोलीला खर्च आहे, म्हणून निर्णय सभेतच होईल. तोवर प्रत्येकाने आपला खण उघडून औषध बाहेर काढावं, एवढी विनंती. विरोध असेल तर याच नंबरवर लिहा. उत्तर देईन, रागावणार नाही.

— तुमचा कृषी सल्लागार, वरूड