उद्याच्या तिजोरीवर आजचा संघ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो अंडाकृती चेंडूचा आणि शिरस्त्राण घालून खेळावयाचा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्याचे नियम समजून घेण्याचा उत्साह आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. तथापि तेथील संघ खेळाडूंशी जे करार करतात आणि त्या करारांचा जो हिशेब ठेवतात, तो बँकेच्या ग्राहकांनी व कर्मचाऱ्यांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. लेखाकर्माचे एक मूलभूत तत्त्व तेथे कसोशीने पाळलेले दिसते आणि तेच तत्त्व तेथे सर्रास वाकवलेलेही दिसते.

'नॅशनल फुटबॉल लीग' ही या खेळाची प्रमुख व्यावसायिक संघटना. तिचे ३२ संघ आहेत. १९९४ पासून तेथे 'सॅलरी कॅप' म्हणजे वेतनमर्यादा लागू झाली. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रकमेतच खेळाडू घ्यावे लागतात, तशीच ही मर्यादा. फरक इतकाच की ती वर्षभराच्या सर्व वेतनावर असते आणि संघटनेच्या उत्पन्नाशी निगडित असते. आरंभी ती प्रत्येक संघास ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ च्या हंगामासाठी २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. सुमारे एक लाख वस्तीच्या ग्रीन बे या शहराचा संघ न्यूयॉर्कच्या संघांशी बरोबरीने झुंजू शकतो, यामागे दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय उत्पन्नाची समान वाटणी आणि ही मर्यादा अशी दोन मोठी कारणे आहेत. विशेष म्हणजे ग्रीन बेचा संघ कोणा एका धनिकाच्या नव्हे, तर सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे आणि त्या भागांवर लाभांश मिळत नाही.

मर्यादा आली की तिच्यातून वाट काढणारे हिशेबनीसही येतात. खेळाडूला करारावर सही करताना एक मोठी रक्कम रोख मिळते. तिला 'सायनिंग बोनस' म्हणतात. ही रक्कम हिशेबात मात्र कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान विभागून दाखवता येते. समजा, पाच वर्षांच्या करारात ५ कोटी डॉलर बोनस दिला, तर दरवर्षीच्या मर्यादेत केवळ १ कोटी डॉलर धरले जातात. दोन वर्षांनी त्या खेळाडूला संघातून काढले, तर उरलेले ३ कोटी डॉलर संघाच्या हिशेबात एकदम येऊन आदळतात. खेळाडू गेलेला असतो, पैसे कधीच देऊन झालेले असतात आणि भार तेवढा शिल्लक राहतो. या भाराला तेथे 'डेड मनी' असे अगदी समर्पक नाव आहे.

एवढ्यापुरते पाहिले तर यात गैर काही नाही. कारखानदार यंत्र विकत घेतो, तेव्हा त्याची सारी किंमत पहिल्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही. यंत्र जितकी वर्षे चालेल तितक्या वर्षांवर घसारा आकारला जातो. खर्चाचा काळ लाभाच्या काळाशी जुळला पाहिजे, हे तत्त्व आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवले जाते. पाच वर्षे खेळणाऱ्या खेळाडूचा बोनस पाच वर्षांवर विभागणे हे त्या तत्त्वाला धरूनच आहे.

खरी अडचण पुढे सुरू होते. चालू वर्षाची मर्यादा ओलांडली जाऊ लागली की संघ खेळाडूच्या त्या वर्षीच्या पगाराचे बोनसमध्ये रूपांतर करतात आणि तो भार पुढील वर्षांवर ढकलतात. त्याही पुढे जाऊन करारात 'व्हॉइड इयर्स' घातली जातात. ही केवळ कागदावरची वर्षे असतात. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. खर्चाला जागा मिळावी एवढ्याचसाठी ती लिहिलेली असतात. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा विख्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, ड्र्यू ब्रीस २०२१ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या नावावरचा १ कोटीहून अधिक डॉलरचा भार २०२२ च्या हिशेबातही संघ वाहत होता. यंत्र भंगारात गेल्यावरही त्याचा घसारा आकारत राहावे, तसेच हे.

या पुढे ढकललेल्या खर्चाची किंमत मोजतो कोण, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डेन्व्हर ब्रॉन्कोस संघाने २०२२ मध्ये रसेल विल्सन या क्वार्टरबॅकशी २४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा पाच वर्षांचा वाढीव करार केला. त्या वाढीव करारातील पहिला हंगाम उजाडण्यापूर्वीच, मार्च २०२४ मध्ये, संघाने त्याला मुक्त केले. सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा 'डेड मनी' दोन हंगामांच्या हिशेबात विभागावा लागला. त्याच आठवड्यात संघाने जस्टिन सिमन्स या अनुभवी बचावपटूलाही निरोप दिला. त्यातून सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरची जागा मोकळी झाली. सिमन्स २०१६ पासून त्याच संघाकडून खेळत होता. चुकलेला करार एकाचा. त्यापायी घर सुटले दुसऱ्याचे, असाच याचा अर्थ मी लावतो. या खेळात बहुतेकांच्या पगाराची पुढील वर्षांसाठी हमी नसते. म्हणून मर्यादा आवळली की पहिली कुऱ्हाड पडते ती मधल्या फळीतील, नेकीने खेळणाऱ्या, पण बिनहमीच्या अनुभवी खेळाडूंवर.

यावर प्रतिवाद आहे आणि तो दुबळा नाही. मर्यादा वर्षागणिक वाढत असते; मग आजचा डॉलर उद्यावर ढकलला तर तो उद्याच्या मोठ्या मर्यादेत तुलनेने लहानच ठरतो. फिलाडेल्फिया ईगल्स संघाने या 'व्हॉइड इयर्स'चा सढळ वापर केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल ही अंतिम स्पर्धाही जिंकली. खुद्द डेन्व्हरचा संघसुद्धा तो भार वाहत असताना २०२४ च्या हंगामात बाद फेरीपर्यंत पोहोचला. मग बिघडले कोठे?

बिघडते ते उत्पन्न वाढतच राहील या गृहीतकात. साथीमुळे प्रेक्षागृहे रिकामी राहिली आणि २०२० मध्ये १९ कोटी ८२ लाख डॉलर असलेली मर्यादा २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर आली. ज्यांनी उद्याची वाढ आजच खर्चून टाकली होती, त्यांची त्या वर्षी त्रेधातिरपीट उडाली. डेन्व्हरला तारले ते बो निक्स या नवोदित क्वार्टरबॅकने. नवोदितांचे वेतन नियमाने मर्यादित असते, म्हणून तो अल्प खर्चात मिळाला. असा खेळाडू ऐन वेळी हाती लागणे हा योग आहे, त्याला नियोजन म्हणता येत नाही.

दुसरा मार्गही उपलब्ध आहे. कॅन्सस सिटी चीफ्स संघाने मार्च २०२२ मध्ये टायरीक हिल हा आपला अत्यंत वेगवान आणि लोकप्रिय खेळाडू मायामीच्या संघाकडे जाऊ दिला. त्याला हवा असलेला मोबदला आपल्या हिशेबात बसत नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले. चाहते हळहळले. पुढील दोन्ही हंगामांचे सुपर बोल मात्र चीफ्सनेच जिंकले. 'नाही' म्हणण्याचे धैर्य हीदेखील एक मालमत्ता आहे. ताळेबंदात तिला रकाना नसतो, इतकेच.

माझे मत असे की वेतनमर्यादा हा उत्तम नियम आहे, परंतु त्यातील 'व्हॉइड इयर्स'ची पळवाट बंद झाली पाहिजे. खेळाडू जितकी वर्षे खरोखर करारबद्ध असेल, तितक्याच वर्षांवर खर्च विभागण्याची मुभा असावी. त्याने काही संघांचे डावपेच अवघड होतील हे खरे. पण एकाच्या हव्यासाची किंमत दुसऱ्याने मोजण्याचे प्रसंग निश्चितच घटतील.

कर्ज विभागात बसणाऱ्या आम्हा मंडळींना हा विषय परका वाटत नाही. ग्राहक प्रथम विचारतो, ''हप्ता किती बसेल?'' प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जावा: ज्या वस्तूसाठी हे कर्ज घेतो आहोत, ती शेवटच्या हप्त्यापर्यंत आपल्या उपयोगी पडेल काय? घरासाठी वीस वर्षांचे कर्ज शहाणपणाचे ठरते, कारण घर त्याहूनही अधिक टिकते. चार दिवसांच्या समारंभाचे हप्ते पाच वर्षे फेडीत राहणे हा मात्र आपल्या संसारातला 'डेड मनी' होय आणि तो बहुधा मुलांच्या शिक्षणाच्या किंवा म्हातारपणाच्या तरतुदीतून वळता होतो. तेव्हा हप्ता लहान करण्यासाठी मुदत वाढवून मागण्यापूर्वी, त्या वाढीव वर्षांची किंमत घरातील कोण मोजणार आहे, याचा विचार प्रत्येकाने अवश्य करावा.