माझ्या वाटणीचा भोपळा

हिच्या पश्चात प्रथमच, २०२४ च्या ऑक्टोबरात, मी लेकीकडे न्यू जर्सीला गेलो. दारातल्या पायरीवर चार भोपळे मांडलेले. लेकीकडे निघालेली, भोपळ्यात बसणारी म्हातारी आपल्या गोष्टीत आहे; इथे म्हातारा विमानाने आला आणि भोपळे आधीच पोचलेले! घरात माणसे चार म्हणून भोपळे चार. मी पाचवा. जावई तसेच गाडी काढून माझ्या वाटणीचा आणायला गेले.

"खायचे नाहीत, तर एवढे कशाला?" मी बोलून गेलो. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला सगळीकडे नावे-जमाच दिसते.

३१ ऑक्टोबरचा हा हॅलोविन. आयर्लंड-स्कॉटलंडकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तिथली माणसे अमेरिकेत आली, तेव्हा त्यांना सलगमाहून मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. आपल्या घारग्यांतला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच, पण घारगे खाताना ते कोणाला आठवते?

रविवारी दुपारी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली. देठाभोवतीचे झाकण सुरी तिरकी धरून कापायचे, नाहीतर ते आत पडते. माझे पडले. नातू पोट धरून हसला. मग कोपरापर्यंत हात घालून तंतू आणि बिया उपसायच्या, बिया धुऊन मीठ लावून भाजायला ठेवायच्या. एरवी बोलण्यात काटकसर करणारे जावई प्रत्येकाच्या भोपळ्यावर शेरे मारीत होते. सहा वर्षांच्या नातीच्या हाती सुरी नाही. तिने पेनाने तोंड काढायचे आणि आईने कापायचे.

आमच्या घरी भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची रीत. तेवढ्यापुरता मला स्वयंपाकघरात प्रवेश असे.

"बाबा, आपण दोघांनी मिळून असं काही पहिल्यांदाच केलं," लेक सहज म्हणाली. खरे होते. दिवाळीचा किल्ला ती आणि तिची आई करीत. मी बदलीच्या गावाहून नरकचतुर्दशीच्या पहाटे एस.टी.ने उतरायचो, मावळ्यांच्या जागा पाहायचो आणि दोन-तीन सूचना करायचो. सूचना!

पुण्यात हल्ली दुकानांतून प्लास्टिकचे भोपळे टांगलेले दिसतात आणि माझे समवयस्क मित्र चिडतात. परक्यांचे सण कशाला, म्हणतात. मलाही ते भोपळे आवडत नाहीत, पण ते कोणाला कापावे लागत नाहीत म्हणून. आपला किल्ला तरी काय, बुरूज-तटासकट तयार विकत मिळतो, कंदीलही घडी उलगडून टांगायचा. भोपळ्याला नाके मुरडणाऱ्यांनी आपल्या अंगणातला किल्ला यंदा कोणी बांधला, तेवढे आधी सांगावे.

त्या वर्षी नरकचतुर्दशीही ३१ ऑक्टोबरलाच आली. पायरीवर पाच भोपळे, मधे मधे पणत्या. माझ्या भोपळ्याचा एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता. गोळ्या-चॉकलेटे मागायला आलेल्या मुलांना तोच आवडला. आठवड्याभरात सगळे खचले, बुरशी धरली. जावयांनी ते मागच्या अंगणात नेऊन ठेवले. खारी येऊन कुरतडू लागल्या.

निघायच्या दिवशी नातीने विचारले, "आजोबा, पुढच्या वर्षी पाच आणायचे का?"

तिकिटाचे पाहतो, म्हणालो.