गाडी पोराची, कागद बापाचे : मेडशीत पहिली स्पोर्ट बाईक घेण्याआधीचा हिशेब

मेडशी (ता. मालेगाव) : सोयाबीन घरात आलं की आपल्याकडे दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे उधारीची वही, आणि दुसरी म्हणजे पोराची गाडीची मागणी. यंदा दुसरीला सरकारनेच जोर दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दोन लाखांच्या आसपासच्या गाडीमागे साधारण पंधरा हजार रुपये वाचतात. आर१५, पल्सर आरएस२००, जिक्सर एसएफ, अपाचे आरआर३१० या सगळ्या गाड्या या मर्यादेत बसतात. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र कर वाढून ४० टक्के झाला आहे. त्यामुळे 'आरसी ३९० च पाहिजे' म्हणणाऱ्यांनी नवा दर आधी विचारून घ्यावा.

स्वस्त झाली, घ्या मग, असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्या भागात पहिली स्पोर्ट बाईक घेताना एक गोष्ट हमखास होते. पोराकडे उत्पन्नाचा दाखला नसतो, म्हणून कर्ज बापाच्या नावावर निघतं. कर्ज बापाचं म्हणून गाडीही बापाच्या नावावर. चालवतो पोरगा. या एका गोष्टीतून हप्ता, विमा आणि अपघात या तिन्ही ठिकाणी काय होतं, ते घरात बसून एकदा नीट पाहायला हवं.

हप्ता महिन्याला, पीक हंगामाला

शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "डाउन पेमेंट किती भरता?" व्याज कोणत्या पद्धतीचं, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन लाख. ४० हजार रोख भरले, १ लाख ६० हजारांचं कर्ज घेतलं, तीन वर्षांसाठी, १२ टक्क्यांनी. हे १२ टक्के 'फ्लॅट' असतील तर व्याज होतं ५७,६०० रुपये आणि हप्ता साधारण ६,०४४. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील तर व्याज साधारण ३१,३०० आणि हप्ता ५,३१४ च्या आसपास. टक्का तोच, फरक २६ हजारांचा. जीएसटीत जे वाचलं त्याच्या दीडपटीहून जास्त इथे जातं. म्हणून विचारायचं ते एवढंच : "व्याज फ्लॅट आहे की रिड्युसिंग? एकूण किती भरावे लागतील ते कागदावर लिहून द्या."

आता हेच सोयाबीनच्या भाषेत. ६,०४४ चा हप्ता म्हणजे वर्षाचे ७२ हजार ५२८ रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे पूर्ण हमीभाव मिळाला तरी वर्षाला साडेतेरा क्विंटलहून जास्त सोयाबीन एका गाडीच्या हप्त्यात जातं. बाजारात हमीभाव किती वेळा मिळतो, हे मेडशीच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायची गरज नाही.

खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. आपला पैसा खरीप निघाल्यावर येतो, पाणी असेल तर हरभरा-गव्हावर येतो. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. जून-जुलैत बियाणं-खतालाच पैसा नसतो, तेव्हा हप्ता परत जातो. बँक दंड लावते, फायनान्सवाला वेगळा लावतो, आणि सिबिल खराब होतं ते बापाचं. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं राज्य सरकारने बँकांना बजावलं आहे. तरीही शाखेत गेल्यावर काय अनुभव येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोराच्या गाडीचे दोन हप्ते चुकले म्हणून पेरणीच्या तोंडावर बापाला बँकेत मान खाली घालावी लागू नये.

साधा नियम असा ठेवा : किमान अर्धी रक्कम रोख, कर्ज दोन वर्षांच्या आत फिटेल एवढंच, आणि जून ते ऑगस्टचे तीन हप्ते आधीच बाजूला काढलेले. हे जमत नसेल तर एक हंगाम थांबा. गाडी कुठे पळून जात नाही.

विम्यातली मोठी मेख

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला तो ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि त्यावर १५,११७ रुपये, कर वेगळा. म्हणजे १५५ सीसीची गाडी घेतली की विमा जवळजवळ दुप्पट झाला. स्पोर्ट बाईकला प्लास्टिकचं फेअरिंग असतं. गाडी उभ्या उभ्या पडली तरी ते फुटतं आणि बदलायला हजारो लागतात. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी गाडीच्या नुकसानीचाही विमा घ्या.

आता मेख. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच असतं. पण ते नोंदणीकृत मालकासाठी असतं, आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. गाडी बापाच्या नावावर, चालवणारा पोरगा, आणि पोरगा स्वतःच घसरून पडला, तर या कवचातून त्याला काही मिळत नाही. थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो, आपल्यासाठी नाही. घराला वाटत राहतं की 'इन्शुरन्स आहे ना', आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

उपाय अवघड नाही. पोरगा १८ वर्षांचा आहे, परवाना आहे, तर शक्यतो गाडी त्याच्याच नावावर घ्या आणि बाप जामीनदार राहू द्या. ते जमलं नाही तर पोराच्या नावाने वेगळा अपघात विमा काढा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा विमा तर घरातल्या प्रत्येकाचा असायलाच हवा.

परवाना नसेल तर पुढचं काहीच बोलू नका. शिकाऊ परवाना, तीस दिवसांनी चाचणी, मग पक्का परवाना, हाच क्रम. पोरगा १८ च्या आतला असेल तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांपर्यंत परवाना नाही, असा कायदा २०१९ पासून आहे. विना परवाना दोस्ताला 'एक राऊंड मारून ये' म्हणून किल्ली दिली तरी ५,००० रुपयांपर्यंतचा दंड मालकाला, म्हणजे पुन्हा बापालाच.

कोणती गाडी? घरातल्यांना मागे बसवून पाहा

स्प्लेंडरची ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर. आर१५ ची १८ च्या वर, आरएस२०० ची २४ च्या वर. स्प्लेंडरवरून थेट २४ वर उडी मारणं म्हणजे बैलगाडी हाकणाऱ्याने एकदम ट्रक घेणं. हात बसायला वेळ लागतो. पहिली गाडी १५० ते १६० सीसीची घेतली तर काही बिघडत नाही. मेडशी ते अकोला जाण्यात पाच मिनिटांचाही फरक पडणार नाही.

शोरूममध्ये बसून पाहताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहा. हँडल खाली आणि पुढे असतं, त्यामुळे मनगटावर भार येतो; अर्धा तास चालवल्यावरच ते कळतं, म्हणून टेस्ट राइड लांब मागा. मागची सीट उंच आणि छोटी असते. आईला, बहिणीला तिच्यावर बसवून पाहा. गावात गाडी एकट्याची नसते. दवाखान्यात न्यायला, लग्नाला जायला तीच लागते. मागच्या चाकाचं साडी गार्ड 'लूक बिघडतो' म्हणून काढून टाकू नका. ते नियमाने बसवलेलं असतं, आणि पदर-ओढणी चाकात अडकून होणारे अपघात आपण पाहिलेले आहेत.

पांदण रस्त्याने शेतात जायला ही गाडी घेत असाल तर थांबा. पुढची मडगार्ड चाकाला चिकटून असते. काळ्या मातीचा चिखल भरला की चाक फिरत नाही. त्या कामाला जुनी गाडीच घरी ठेवावी लागेल.

जुनी स्पोर्ट बाईक घेत असाल तर नाव लगेच बदलून घ्या. ई-चालान थकलेलं आहे का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे आधी पाहा. विकणाऱ्यालाही हेच सांगणं : नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

रस्ता गुळगुळीत झाला, धोका बदलला

राष्ट्रीय महामार्ग १६१ चं चौपदरीकरण 'अकोला-मेडशी' आणि 'मेडशी-वाशिम' अशा टप्प्यांत झालं. मेडशी बरोबर सांध्यावर. खड्ड्यांचा जुना रस्ता वेग आपोआप कमी करायचा. आता तो अडसर राहिला नाही. पण रस्त्यावर येणारं जग तेच आहे. मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येणारी दुचाकी, जंगलपट्ट्यात अंधारातून उडी मारणारा रोही, रानडुक्कर. गावरस्त्यांवर हंगामात वाळत घातलेलं सोयाबीन. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच म्हणून समजा.

इथे एक हिशेब डोक्यात ठेवा. ताशी ६० च्या वेगात समोर काही दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण ४० मीटर लागतात. ताशी १०० ला तेच अंतर ९० मीटरच्या वर जातं. रात्री लो बीमचा उजेड जेमतेम ४०-५० मीटर पडतो. म्हणजे रात्री १०० च्या वेगात असताना ट्रॉली दिसली, तेव्हा अपघात ठरलेलाच आहे. ब्रेक कितीही भारी असू द्या, एबीएस असू द्या. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. अंतर मिटवत नाही, आणि गिट्टी-मुरमावर तर आणखी लांब नेतं.

म्हणून रात्री ६० च्या वर जायचं नाही. दिवसा चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, साध्या रस्त्यावर ६०. मालेगावजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. रीलसाठी तिथे घुसणं म्हणजे जिवाशी खेळ.

पहिले हजार किलोमीटर

पहिले हजार किलोमीटर इंजिन जास्त फिरवायचं नाही, हे शोरूमवाला सांगतो. तेच अंतर चालवणाऱ्यालाही शिकायला लागतं. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तोवर गाडी तिरपी करू नका. सकाळी मोकळ्या मैदानावर ३०-४० च्या वेगात दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावायचा सराव करा. खरं थांबवणं पुढच्या ब्रेकचं काम असतं आणि आपल्याकडे अनेकांना फक्त मागचा दाबायची सवय आहे. पातूरच्या घाटात वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. नजर जिथे, गाडी तिथे. पहिला महिना मागे कोणाला बसवू नका.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहऱ्याचं, पट्टा लावलेलं. टाकीवर ठेवलेलं नाही. २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर लोक दुचाकी अपघातांत मेले. त्यात १४ हजारांवर मागे बसलेले होते. गाडी विकताना हेल्मेट देणं कंपनीवर बंधनकारक आहे, ते मागून घ्या आणि दुसरं विकत घ्या.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा विनारोख उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, तसा कायदाच आहे. उभं राहून व्हिडिओ काढू नका.

गावानेही काही करायचं आहे

सगळं पोरांवर ढकलून चालणार नाही. महामार्गावरच्या बेकायदा फटी बंद करणं, गावाजवळ दिवे, रोही जिथे ओलांडतात तिथे फलक, ही महामार्ग प्राधिकरणाची कामं आहेत आणि ग्रामसभेने ठराव करून ती मागायला हवीत. ट्रॉलीला मागे लाल रेडियमची पट्टी लावणं मात्र आपल्याच हातात आहे. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, आणि त्या पट्टीने वाचणारा पोरगा आपलाही असू शकतो.

गाडी घ्या, हौस करा, वय आहे. पण शोरूमला जाण्याच्या आदल्या रात्री बाप-लेकाने एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : एकूण किती भरायचे, जूनचा हप्ता कुठून, विमा नेमका कोणाचा, आणि रात्री किती वेगाने. चारही ओळी भरल्या तर दुसऱ्या दिवशी हार-नारळ घेऊन खुशाल जा. एकही कोरी राहिली तर आधी तिचं उत्तर शोधा.