राहनाळचे प्रश्न राहनाळनेच विचारावेत

प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, उत्तराची चौकटही तोच ठरवतो. आपल्या समाजरचनेत श्रमिकाला आयुष्यभर प्रश्नच विचारले जातात. गाव कोणते, जात कोणती, कागदपत्रे कोठे आहेत? शिधावाटप कार्यालयापासून पोलीस ठाण्यापर्यंत ही सरबत्ती चालते. परंतु एका श्रमिकाने दुसऱ्या श्रमिकाला निर्वेधपणे काही विचारावे आणि त्याने विचारपूर्वक उत्तर द्यावे, याची सोय कोठेच नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग चित्रफितीच्या माध्यमाने दाखवला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी त्याची गंभीर दखल घेतली पाहिजे.

अमेरिकेत ख्रिस जॉन्सन, हँक विलिस थॉमस, बायेटे रॉस स्मिथ आणि कमल सिंक्लेअर यांनी २०१२ मध्ये ‘क्वेश्चन ब्रिज’ हा उपक्रम लोकांसमोर आणला. एका कृष्णवर्णीय पुरुषाने कॅमेऱ्याकडे पाहून प्रश्न विचारायचा. दुसऱ्या शहरातील, दुसऱ्या वयाच्या, दुसऱ्या आर्थिक थरातील कृष्णवर्णीय पुरुषाने तो पाहून उत्तर द्यायचे. मध्ये निवेदक नाही, मुलाखतकार नाही. गोऱ्या लोकांसमोर कलिंगड खाताना मला एकट्यालाच संकोच वाटतो काय, येथपर्यंतचे प्रश्न त्यात आले. ‘कृष्णवर्णीय पुरुष’ नावाचा एकच ठोकळा अस्तित्वात नाही, हे कोणी भाषण न देता सिद्ध झाले. बाहेरच्यांनी चिकटवलेल्या ओळखीची चिकित्सा त्या ओळखीच्या आतल्या माणसांनीच केली, हे या प्रयोगाचे मर्म होय.

परंतु संग्रहालयाच्या पडद्यावर संवाद घडला म्हणजे समाज बदलला असे नव्हे. म्हणून त्याआधीचे एक उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. कॅनडातील फोगो बेटावरील कोळ्यांना तेथून उठवून अन्यत्र वसवण्याचा सरकारी विचार चालू असताना, १९६७ मध्ये कॉलिन लो यांनी त्यांच्या बोलण्याचे लघुपट तयार केले. ते प्रथम बेटावरच, एका वस्तीचे दुसऱ्या वस्तीत दाखवले गेले. आपली दुःखे वेगळी नाहीत हे कोळ्यांना उमगले. मग ते लघुपट सत्ताधाऱ्यांपर्यंत नेण्यात आले. त्याच काळात बेटावर कोळ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. संवादाचे रूपांतर संघटनेत झाले, आणि समाजवाद्यांच्या दृष्टीने हीच त्याची खरी कसोटी आहे. आपल्या देशातही १९८४ पासून अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतील कष्टकरी स्त्रियांनी, त्यांतील काही तर निरक्षर, कॅमेरा चालवून दाखवला आहे. तेव्हा हे तंत्र शिकलेल्यांचेच आहे, ही सबब टिकणारी नाही.

आता राहनाळकडे पाहू. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांना किफायतशीर पडे, म्हणून राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे या गावांच्या शेतांत गोदामे उगवली. २०१७ मध्ये जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. ज्या आगरी कुटुंबांच्या भातशेतीवर ती उभी आहेत, ती आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, पाठीवर माल वाहणारा हमाल एकाच रस्त्याने जातात. शेजारच्या भिवंडीत अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली कामगार आणि जुने कोकणी मुसलमान यांचे आयुष्य एकाच यंत्रमागाच्या खडखडाटात सरते. एवढे सारे जण एकमेकांविषयी बोलतात. एकमेकांशी फार थोडे बोलतात. हे मौन ठेकेदाराच्या आणि धर्माच्या नावाने मते मागणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

या मौनाची किंमत भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगलींत रक्ताने मोजली आहे. आणि ते मोडले तर काय साधते, हेही भिवंडीनेच दाखवले. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांत हिंदू आणि मुसलमान सामान्य माणसांना समोरासमोर बसवले. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी हेच काम चित्रफितींच्या साहाय्याने केले. त्यांच्या मैत्रीवर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला.

अस्मितेच्या चर्चेत मजुरीचा प्रश्न बुडून जाईल, असा आक्षेप आपल्यातील काही साथी घेतील. हा धोका खरा आहे. पण जो कामगार शेजारच्या कामगाराला परका समजतो, तो त्याच्याबरोबर संपात उतरत नाही, हाही आपला अनुभव आहे. ओळखीचा प्रश्न टाळून वर्गीय एकजूट होत नाही. तो ओलांडूनच होते. १९६९ चा माथाडी कायदा कागदावर असूनही त्याचे संरक्षण अनेक हमालांपर्यंत पोहोचत नाही, याचे एक कारण ही दुभंगलेली ओळखच आहे.

म्हणून सूचना अशी : राहनाळमधील आपल्या कार्यकर्त्यांनी साध्या मोबाईलवर हे काम सुरू करावे. हमालाने जमीन गेलेल्या शेतकऱ्याला विचारावे, शेतकऱ्याच्या मुलीने मागावरच्या कामगाराला विचारावे. प्रश्न आपण लिहून देऊ नयेत. बोलणाऱ्याने आपली फीत आधी पाहावी, नको असेल तर पुसावी. जेथे मुकादमाच्या रोषाने रोजगार जाण्याचे भय असेल, तेथे चेहरा न दाखवता केवळ आवाज घ्यावा. फिती प्रथम वस्तीत दाखवाव्यात. समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये, कारण तेथे दोन वाक्ये तोडून द्वेष पसरवणे क्षणाचे काम आहे. आणि प्रत्येक बैठकीच्या अखेरीस एक तरी सामाईक मागणी, मग ती मजुरीची असो, पाण्याची असो वा माथाडी मंडळातील नोंदणीची, कागदावर उतरली पाहिजे. तिच्यावर हमालाची आणि शेतकऱ्याची, दोघांचीही सही असली पाहिजे. तो कागद घेऊन दोघे बरोबर ज्या दिवशी कामगार आयुक्तांच्या दारात उभे राहतील, त्या दिवशी प्रश्न विचारणारे ते असतील आणि उत्तर शासनाला द्यावे लागेल.