दात मुलाचे, दोष आईचा?

देवगड तालुक्यात हापूसच्या कलमांना पालवी फुटली की फवारणी सुरू होते, ती फळ धरेपर्यंत चालते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातच सहा फवारण्या आहेत. तुडतुडे, फुलकिडे आवरले नाहीत तर बागायतदार आणखी करतात. पंप पुरुषाच्या हाती, म्हणून औषधाशी संबंधही त्याचाच, असे आपण धरून चालतो. पण टाकीसाठी पाणी कोण भरते? भिजलेले कपडे घरी कोण धुते? पोटुशी असली तरी तीच, कडेवर मूल असले तरी तीच. (आणि ‘औषध’ हा शब्द तरी किती सोज्वळ! आहे ते विष.)

मैत्रिणींनो, याचा दातांशी काय संबंध, असे वाटेल. दाताचे वरचे कवच आयुष्यात एकदाच घडते. दुधाच्या दातांचे आईच्या पोटातच घडू लागते. कायमच्या पहिल्या दाढांचे जन्माच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरे होते. कवच घडवणाऱ्या पेशी पुढे उरतच नाहीत, त्यामुळे तेव्हाची इजा भरून येत नाही. सहाव्या वर्षी दाढ उगवते ती डागाळलेली, ठिसूळ.

इटलीत सेवेसोजवळच्या एका कारखान्यात तणनाशकासाठीही वापरले जाणारे रसायन बनत असे. 10 जुलै 1976 रोजी तिथून डायॉक्सिन हवेत पसरले. सुमारे 25 वर्षांनी दात तपासले, तेव्हा अपघातावेळी पाच वर्षांच्या आत असलेल्यांपैकी दूषित भागातल्या 36 पैकी 15 जणांच्या कवचात दोष होता. बाहेरच्या 39 पैकी 10 जणांच्या.

आंब्यावरचे डेल्टामेथ्रिन म्हणजे डायॉक्सिन नव्हे. डाग कुपोषणाने, तापाने, पाण्यातल्या फ्लोराइडनेही पडतात. प्रत्येक डागाचे खापर फवारणीवर फोडणे खोटेपणाचे होईल. पण आज ते फुटते कुणावर? पोराची दाढ किडली की ‘आईने गोड खायला घातले, दात घासून घेतले नाहीत.’ कवच आधीच कच्चे होते का, हे विचारतो कोण?

म्हणून शाळेतल्या आरोग्य तपासणीत दाढांच्या डागांची नोंद व्हावी, आणि सोबत एक प्रश्न असावा: हे मूल पोटात असताना घरात फवारणीचे काम होते का? फवारणीचे कपडे बागेतच धुण्याची सोय बागायतदाराने करावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला फवारणीच्या दिवसांत दुसरे काम द्यावे, तेही मजुरी न कापता. मजुरी कापली तर ती दिवस गेल्याचे लपवील आणि टाकीत पाणी भरतच राहील.